गावाचं ठरलंय म्हणे, पण मला कुणी विचारलंच नाही

"ताई, सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, ग्रामपंचायत नऊ सदस्यांची. माझं वय 34, शिक्षण बारावी, दोन मुलं. बचत गटाची सहा वर्षं सचिव आहे. आमच्याकडे दोन-तीन महिन्यांत निवडणूक लागेल. गेल्या महिन्यात मारुतीच्या देवळात बैठक झाली आणि निवडणूक बिनविरोध करायची असं गावाचं ठरलं. आमच्या वॉर्डातली बायकांची जागा दूध डेअरीच्या चेअरमनच्या भावजयीला द्यायची आहे. त्या पुण्याला असतात, यात्रेला येतात. मला उभं राहायचं होतं. गटातल्या बायकाही म्हणत होत्या. घरात विषय काढला तर सासरे म्हणाले, गावाची एकी मोडणारी म्हणून नाव निघेल. मालक म्हणतात, तुझं चूक नाही, पण आपलं दूध त्याच डेअरीला जातं, उद्या फॅट लागली नाही तर कुणाकडे बघायचं? शिवाय बिनविरोध झालं तर आमदारसाहेब दहा लाखांचं काम देणार आहेत. माझ्या हौसेपायी गावाचं नुकसान का करू? लोकशाही म्हणजे भांडणच असतं का, ताई? – एक सून"

बाळ, तुझं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकाच शब्दापाशी अडखळले. 'गावाचं ठरलं.'

देवळातल्या त्या बैठकीला बायका किती होत्या, हे तू लिहिलेलं नाहीस. लिहायची गरजही नव्हती म्हणा. बैठक झाली हे तुला कुणी सांगितलं? रात्री जेवताना मालकांनी, असंच ना? तुझ्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव, उमेदवार बाई, मतदारांत जवळजवळ निम्म्या बायका, आणि जागा कुणाला द्यायची हे ठरलं ते पायऱ्यांखाली काढलेल्या चपलांत एकही बायकी चप्पल नसताना. ते तीस-चाळीस पुरुष म्हणजे 'गाव', आणि तू उभी राहिलीस की तू 'गाव मोडणारी'. हा हिशोब कुठल्या वहीत बसतो ते तूच सांग, तू तर हिशोब लिहिणारी बाई.

तरी तुझ्या सासऱ्यांना मी उडवून लावणार नाही. गावची निवडणूक काय असते ते त्यांनी पाहिलंय. लोकसभेला कुणाला मत दिलं यावरून बांधावर भांडण होत नाही, ग्रामपंचायतीला होतं. कारण पडलेला माणूस आणि पाडणारा माणूस एकाच विहिरीवर पाणी धरतात. आमच्याकडे दोन चुलत भावांनी एका निवडणुकीनंतर मोटारीच्या पाळ्या बंद केल्या आणि पुढची तीन वर्षं दोघांचाही ऊस वाळत होता. मटणाच्या पंगती होतात, जीपगाड्या फिरतात, पोरं बिघडतात. पैसा जातो तो वेगळाच, आणि पुष्कळदा तो सोसायटीच्या कर्जातून जातो. बिनविरोधची हौस त्या भीतीतून येते, आणि भीती खोटी नाही.

खरं एकमत होतं तेव्हा ते ओळखू येतं. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा गाव तू ऐकलं असशील. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. तिथे बहुमताने निर्णय घेत नाहीत, सर्वसहमतीने घेतात. पण ती सहमती कशी होते? बायका सभेत बसतात, बोलतात. लोक अभ्यास गटात एकेका विषयावर डोकं घालून बसतात. एखाद्याला पटलं नाही तर विषय पुढच्या सभेवर जातो. 2009 साली त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार खुद्द ग्रामसभेच्या हाती आला. एका संध्याकाळी आरतीनंतर उरकून घेतलेलं ते एकमत नव्हतं. तुमच्या देवळात जे झालं त्याला आमच्याकडे 'जागा वाटून घेणं' म्हणतात.

आता माझं सांगते. मी एकदा फॉर्म मागे घेतलाय.

सत्तावीस वर्षं झाली. सात जणांची ग्रामपंचायत, बायकांची एक जागा आमच्या आळीत. मी फॉर्म भरला आणि माघारीच्या दिवशी सकाळपासून घरात माणसं यायला लागली. कुणी रागावलं नाही, हे लक्षात ठेव. सगळे गोडच बोलत होते. 'वहिनी, तुमचं मन मोठं.' 'पुढच्या खेपेला तुम्हीच.' दुपारी जीप आली. तहसील कचेरीत माघारीची मुदत तीनपर्यंत. मी पोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते. व्हरांड्यात बाकावर माझ्यासारख्याच चार-पाच जणी, प्रत्येकीशेजारी एक दीर किंवा सासरा. साहेबांनी विचारलं, "स्वखुशीने का?" माझ्याआधी दिरांनी मान हलवली. सही करताना पेन चाललं नाही, तर तिघांनी खिशातली पेनं पुढे केली. तेवढी तत्परता मी गावात परत कधी बघितली नाही.

संध्याकाळी सत्कार झाला. नारळ आणि साडी. मोरपंखी रंगाची, काठ जरीचा. ती अजून ट्रंकेत आहे. घडी मोडली नाही.

पुढच्या पाच वर्षांत काय झालं तेही सांगते. खरा मुद्दा तिथे आहे. सातही जण एकाच बाजूचे. बैठकीत बिलं दाखवा म्हणणारा एकही नाही, कारण विचारायचं कुणी कुणाला? सदस्य झालेल्या बाईंकडे शिपाई प्रोसिडिंगचं रजिस्टर घेऊन घरी जायचा, त्या चुलीपुढून उठून सही करायच्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांना कुणी बैठकीला बोलावलंच नाही. आमच्या आळीचा नळ मंजूर होऊन वरच्या वाड्यावर गेला, ते आम्हाला पाइप पुरल्यावर कळलं. भांडण झालं नाही हे खरं. पाणीही आलं नाही.

म्हणून विरोधातला एकजण आत असलेला बरा. तो चांगलाच असतो असं नाही, कधीकधी तोही पक्का बनेल असतो. पण तो व्हाउचर मागतो. त्याने मागितलं नाही तरी मागेल या धाकाने समोरचा जपून वागतो.

आणि एक गोष्ट बिनविरोधमध्ये जाते ती कुणाच्या ध्यानातच येत नाही. माघारीनंतर बऱ्याच वर्षांनी एका निवडणुकीत मी एका उमेदवाराची मतदान प्रतिनिधी म्हणून शाळेच्या खोलीत दिवसभर बसले होते. पुढ्यात यादी, हातात पट्टी, नावावर खूण करायची. एका बाईबरोबर तिचा नवरा दारापर्यंत आला आणि 'दुसरं बटण, दुसरं' असं दोन बोटं दाखवून खुणावत राहिला. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. बराच वेळ बाहेर येईना. अधिकारी म्हणाले, "मावशी, झालं का?" मग आवाज आला, बाई बाहेर आली, शाईचं बोट पदरात धरून सरळ चालत गेली. नवऱ्याने विचारलं, "दुसरंच ना?" ती म्हणाली, "हो." मी तिचा चेहरा पाहिलाय. ते दुसरं नव्हतं.

तो दीड हात पुठ्ठा हीच काय ती जागा, जिथे सुनेचं मत सासऱ्याला दिसत नाही. देवळात हात वर करून विचारलं असतं तरी तुझ्या गटातल्या किती जणींचा हात वर गेला असता? आडव्या बाटलीचं मतदान तुला माहीत असेल. महाराष्ट्रात 2008 सालच्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूचं दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर एक उभी बाटली, म्हणजे दुकान चालू, आणि एक आडवी, म्हणजे बंद. एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी घरी बसली ती आपोआप उभ्या बाटलीकडे मोजली जाते. चौकात ज्या बायका दारूबद्दल चकार शब्द काढू शकत नव्हत्या, त्यांनी चिठ्ठीवर दुकानं बंद पाडली. तुझ्या वॉर्डात एका जागेला एकच अर्ज राहिला की मतदानच होत नाही. मशीन नाही, 'यापैकी कुणीच नाही'चं नोटा बटण नाही, पुठ्ठा नाही. तुझी उमेदवारी तर जातेच, पण तुला मत द्यायचं की नाही हे गुपचूप ठरवायचा प्रत्येकीचा हक्कही जातो.

आमदारांच्या दहा लाखांचं ओझं तू उगाच डोक्यावर घेतलंस. आमदार निधी हा सरकारी तिजोरीतला पैसा, म्हणजे तू तेलाच्या पिशवीवर भरतेस त्या करातलाच. तो बक्षीस म्हणून दाखवायची पद्धत नवी नाही. गुजरातेत 2001 पासून बिनविरोध ग्रामपंचायतींना 'समरस' म्हणून सरकारच जादा अनुदान देतं. पण गावात एरवी येणारा पैसा किती ते आधी बघ. मोबाइलवर ई-ग्रामस्वराजची साइट उघड, जिल्हा, तालुका, गाव निवड. वित्त आयोगाचा किती निधी आला, आराखड्यात कुठली कामं धरली, कुणाला किती बिल दिलं, सगळं दिसतं. 15व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 मधल्या पैशातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता, 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा होता. वित्त आयोगाचा पैसा निवडणूक झाली म्हणून थांबत नाही. गेल्या पाच वर्षांची बेरीज कर आणि दहा लाखांच्या शेजारी लिही. मग सासऱ्यांना दाखव. काही बोलू नकोस, नुसता कागद दाखव.

देवळाच्या देणगीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून विचारून ठेवते. कुणी जास्त देणगी देईल त्याला पद, असं तर ठरलं नाही ना? तसं असेल तर तो लिलाव झाला. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत मंदिरासाठी बोली लावून पदं दिल्याचं बाहेर आलं आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर होती. देवासाठी केलं म्हणून चाललं नाही.

दुधाचं मी हसण्यावारी नेणार नाही. संसार त्यावर आहे. दुधाचा भाव फॅटवर ठरतो, आणि फॅट हे हत्यार कसं चालतं ते मला माहीत आहे. कुणी नाही म्हणत नाही, दूध घेतात, नुसती चिठ्ठीवर फॅट उतरते आणि दहा दिवसांच्या बिलात कळतं. म्हणून आजपासून रोजची चिठ्ठी एका वहीत चिकटवत जा. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), लिटर, तारीख. फॉर्म भरायच्या आधीचे दोन महिने तुझ्याकडे असले की नंतरचा फरक तोंडी तक्रार राहत नाही. गावात दुसरं संकलन केंद्र आहे का, असलं तर तिथे थोडं दूध आत्ताच सुरू करता येतं का, हे मालकांना बघू दे. आणि चेअरमनच्या कानावर हे दुसऱ्याच्या तोंडून जाण्याआधी दोघांनी त्यांच्या घरी जा. भावजयीबद्दल एक वाकडा शब्द नको. 'आम्ही उभं राहायचं म्हणतोय, तुमच्याशी काही नाही, म्हणून आधी सांगायला आलो,' एवढं पुरे. पुष्कळ माणसांना विरोधाचा राग येत नाही, आपल्याला विचारलं नाही याचा येतो. त्यांनी तुला विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

एवढं करूनही घरात दोघांचं नक्की होत नसेल, दुधाविना महिना निघणार नसेल, तर मी तुला उभी राहच म्हणणार नाही. चूल तुझी पेटायचीय, माझी नाही. मात्र मग 'गावासाठी माघार घेतली' असं तोंडाने म्हणू नकोस. मी म्हटलं होतं. ते खोटं फार दिवस पोटात राहतं.

त्याआधी मात्र एक काम कर, आणि एकटीने करू नकोस. गटातल्या बायकांनी मिळून सरपंचांना आणि देवळात बसलेल्या जाणत्यांना म्हणावं की आमच्या वॉर्डातली जागा बायकांची आहे, तर वॉर्डातल्या बायकांची एक बैठक शाळेत होऊ दे. पुण्याच्या बाईंनाही बोलवा. त्या काय करणार ते सांगतील, तू काय करणार ते तू सांगशील. त्या बैठकीत बायकांना खरोखर त्याच पटल्या तर तू मोकळ्या मनाने बाजूला हो, त्यात कमीपणा नाही. बचत गटात कर्ज कुणाला आधी द्यायचं यावरून तुमच्यात होतच असेल की वादावादी. एक म्हणते पेरणी आहे, दुसरी म्हणते पोरीची फी आहे. तासभर बोलता, ठरवता, सह्या करता, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच सतरंजीवर बसता. तेव्हा गट मोडला असं कुणी म्हणतं का? लोकशाही म्हणजे भांडणच असतं का, असं तू मला विचारलंस. सहा वर्षं तू हेच चालवते आहेस, फक्त त्याला कुणी ते नाव दिलं नाही.

बैठक नाकारली, तर मग उभी राहा. स्पष्टच सांगते.

उभी राहायचं ठरलं तर पहिला घाव मतदानात बसत नाही, छाननीत बसतो. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नको. शौचालय आहे आणि वापरात आहे याचा कागद लागतो. दोन मुलं आहेत, तिथे प्रश्न नाही. आणि गोठा! तुमचा गोठा कुठे आहे? गायरानात किंवा रस्त्याच्या कडेला हातभर जरी पुढे आला असेल तर अतिक्रमण म्हणून सदस्यत्व जातं, आणि ते सासऱ्यांनी केलेलं असलं तरी सुनेला भोवतं. निवडून आल्यावर हरलेली माणसं टेप घेऊन मोजायला येतात. आपणच आधी मोजलेलं बरं. खर्चाचा हिशोब पहिल्या झेरॉक्सपासून लिही. निकालानंतर 30 दिवसांत तो द्यावा लागतो, आणि नुसता तो दिला नाही म्हणून पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरलेली माणसं आहेत. पडलेल्यांनाही द्यावा लागतो, हे पडलेले विसरतात. अर्जावर, माघारीच्या कागदावर घरात कुणाच्या पुढ्यात कोरी सही करू नकोस. आणि कुणी धमकावलं तर तारीख-वेळ लिहून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी दे, पोच घे.

पडशीलही. वॉर्डातली भावकी मोठी असेल तर पडशीलच कदाचित. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन त्या बाईंच्या घरी जा, त्या पुण्याला निघायच्या आत. आणि मग ग्रामसभेला जायला लाग. त्याला फॉर्म लागत नाही, मतदार यादीत नाव असलं की झालं. वर्षाला किमान चार व्हायला हव्यात. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही खुबी ज्यांना माहीत आहे ते पहिल्या सभेची दवंडी हळूच देतात. नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, हेही कायद्यातच आहे. तुमच्या गावात शेवटची महिला सभा कधी झाली, एवढंच ग्रामसेवक भाऊसाहेबांना जाऊन विचार. बहुतेक ते रजिस्टर शोधायला लागतील. त्यात तुझी सही निघाली तर मला कळव, मग पुढचं पत्र त्यावरच लिहू.

मी पुढच्या खेपेला उभी राहिले होते, अकरा मतांनी आले. 'पुढच्या खेपेला तुम्हीच' म्हणणाऱ्यांपैकी तिघे माझ्या विरोधात होते. पहिल्या बैठकीला मोरपंखी साडी नेसून जावं असं फार मनात होतं. ट्रंक उघडलीही. मग साधीच नेसून गेले, कारण त्या दिवशी नळाची लाइन बघायला आळीतून चिखलात जायचं होतं.

घरपट्टीची पावती आजच शोध. आमच्याकडे ती देवघराच्या मागच्या डब्यात असते, तुमच्याकडे सासऱ्यांना विचार. म्हणजे त्यांच्याशी बोलायला निमित्तही होईल.